डबीतला कापूस : कोल्हापूर जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण समितीस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी (अध्यक्ष) आणि सर्व सदस्य,
जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण समिती, कोल्हापूर.

सादर नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता निवृत्त आहे. माझ्या भावाची मुलगी पाच वर्षांची असल्यापासून माझ्याकडं आहे. भाऊ आधी गेला, दोन वर्षांनी वहिनी. मुलीला जन्मापासून एचआयव्ही आहे. आज ती अकरावीत शिकते. हे पत्र तिला वाचायला देऊन, तिनं हो म्हटल्यावरच पाठवते आहे. दोन प्रसंग तिनं खोडायला लावले, ते खोडले आहेत. गाव, शाळा, दवाखाना यांची नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. कुणा एकाला धारेवर धरावं म्हणून हे लिहीत नाही.

तिच्या गोळ्यांची प्लास्टिकची डबी असते, तीस गोळ्यांची. हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते. तेरा वर्षांची असताना एकदा तिचं दप्तर आवरताना डबी हाताला लागली आणि वाजलीच नाही. मला वाटलं, रिकामी झाली, गोळ्या आणायची तारीख चुकली की काय. झाकण उघडलं तर वर कापूस ठासून भरलेला. कापूस उपसला तेव्हा खाली गोळ्या दिसल्या. मी विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "बाकावर दप्तर ठेवताना आवाज येतो, आत्ती."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, बाकावर बसून इतर बायकांशी बोलले तेव्हा कळलं, प्रत्येक घरात असा काहीतरी कापूस आहे. कुणी डबीवरचा कागद नखानं खरवडून काढतं. कुणी गोळ्या शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याआड ठेवतं. एका मुलानं तर मित्राच्या घरी राहायला जायचंच सोडलं, कारण रात्री नऊला गोळी घ्यायची असते आणि मित्राच्या घरात दार लावता येईल अशी खोली नाही.

आमच्या उपचाराच्या हिरव्या पुस्तकात वजन लिहितात, किती गोळ्या उरल्या ते लिहितात, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, आकडा लिहितात. हे कापसाचं लिहायला त्यात रकाना नाही. तो रकाना असावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

जे मिळालं आहे त्याची मला जाण आहे. मी नोकरीला लागले त्या काळात माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील ट्रकवर, पुणे-बंगळूर रस्त्यावर. पोरगा हुशार, पण सारखा आजारी. तोंडात फोड, जुलाब, खोकला. चौथीच्या सहामाहीनंतर तो शाळेत आलाच नाही. काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही. मीही नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, २००६ च्या अखेरीस मुलांसाठी वेगळा कार्यक्रम आला, तेव्हापासून अशी मुलं जगायला लागली. माझी भाची त्यातलीच. ती सायकलवरून कॉलेजला जाते, गोकुळच्या डेअरीला दूध घालून येते, भांडते, रुसते. औषधानं तिला आयुष्य दिलं, याबद्दल दुमत नाही. पण ही जगलेली पोरं आता तेरा, पंधरा, सतरा वर्षांची झाली आहेत. त्यांच्या मनात काय चाललंय हे विचारायला त्या बाकाच्या पलीकडं माणूस नाही.

पहिल्यांदा आमच्याच घरात काय चुकलं ते सांगते.

ती नऊ वर्षांची असताना रात्री दचकून उठायची. कोणीतरी विहिरीत ढकलतंय, आई बोलावतेय, अशी स्वप्नं. घाम, रडणं, मग सकाळी शाळेत पेंग. माझी आई तेव्हा होती. ती म्हणाली, "बाहेरचं हाय काहीतरी पोरीला, ध्यान द्या." मी शिक्षिका, पण रोज रात्री तीन वाजता पोर किंचाळायला लागली की शिक्षण कुठं टिकतं? आम्ही तिला देवर्ष्याकडं नेलं. अंगारा झाला, लिंबू झालं, कोंबडं झालं. स्वप्नं थांबली नाहीत. दीड वर्षानं एका बदलून आलेल्या डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "झोप कशी लागते हिला?" आणि मग सांगितलं की तिच्या औषधांत इफाविरेन्झ नावाची गोळी आहे, त्या गोळीनं काहींना अशी भीतीदायक स्वप्नं पडतात, चक्कर येते, मन उदास होतं, म्हणूनच ती झोपताना घ्यायला सांगतात. एवढंच होतं. त्या बाईंनी एक प्रश्न विचारला म्हणून आम्हाला कळलं. आता ते औषध मागं पडलंय, डोल्युटेग्रॅविर असलेली एकच गोळी दिवसातून एकदा असते, आणि ती तिला मानवलीसुद्धा. तरी या नव्या गोळीनंही काहींची झोप उडते. तो प्रश्न त्या बाईंनंतर आम्हाला पुन्हा कुणी विचारला नाही.

दुसरी चूक माझी एकटीची. तिला मी काय सांगितलं होतं? "तुझं रक्त कमी आहे, म्हणून ताकदीची गोळी." पाच वर्षांच्या पोरीला एवढं पुरलं. दहाव्या वर्षी ती विचारायला लागली, की माझं रक्त अजून भरलं कसं नाही. मी विषय बदलायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली सांगून ठेवलंय की शाळकरी वयाच्या, म्हणजे साधारण ६ ते १२ वर्षांच्या मुलाला त्याचा आजार त्याच्या समजेप्रमाणं टप्प्याटप्प्यानं सांगावा. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी धीर झाला असता का, सांगता येत नाही. कारण सांगायचं म्हणजे फक्त आजाराचं नाव सांगायचं नसतं. आई-बाप कशानं गेले तेही सांगावं लागतं.

शेवटी तिला कळलं ते विज्ञानाच्या तासाला. आठवीत. सरांनी फळ्यावर एड्स लिहिलं, खाली कारणं लिहिली. पहिल्या कारणाला मागच्या बाकावरची पोरं हसली. सर रागावले, पुढं गेले. खाली लिहिलं, बाधित आईकडून बाळाला. आणि मग औषध रोज, आयुष्यभर. ती फळा वाचत होती आणि स्वतःला वाचत होती. दवाखान्यातल्या भिंतीवरचं पोस्टर, माझी टाळाटाळ, आजीचं रडणं, सगळं त्या चार ओळींत जुळलं. घरी येऊन तिनं मला एकच विचारलं, "आई वाईट होती काय?"

समितीतल्या शिक्षण विभागाच्या सदस्यांनी या वाक्यापाशी जरा थांबावं. मी स्वतः तो धडा कितीतरी वर्षं असाच शिकवला होता. चार कारणं, चार उपाय, परीक्षेला दोन गुण. वर्गात असं एखादं पोर बसलेलं असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. पहिल्या कारणावर आपण जो आवाज खाली नेतो, जो चेहरा करतो, त्यातून पोर काय उचलतं, तर आपली आई वाईट होती. मी तिला तेव्हा सांगितलं, तुझी आई आजारी होती, वाईट नव्हती. तिच्या बाळंतपणात कुणी रक्त तपासलं असतं तर औषधं मिळाली असती. उपचार नसताना शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते, उपचार असले तर ५ पेक्षा कमी, हेसुद्धा सांगितलं. हे आकडे मला तेव्हा पाठ झाले ते तिच्यासाठी. पण आकड्यांनी तिचं समाधान झालं नाही. चार महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

त्याच वर्षी शाळेची सहल गेली, दोन रात्रींची. तिला जायचं होतं, मला पाठवायचं होतं. आम्ही दोघींनी बसून ठरवलं, गोळी कुठं ठेवायची, कुणी विचारलं तर काय सांगायचं. ती गेली आणि दोन्ही रात्री गोळी घेतलीच नाही, कारण पंचवीस पोरी एका हॉलमध्ये झोपल्या होत्या. परत आल्यावरही ती गोळ्या टाकत राहिली, कधी मोरीत, कधी परड्यात. मला पत्ता नाही. व्हायरल लोड वाढून आला तेव्हा उघडं पडलं. समुपदेशनाच्या टेबलाशी तिला विचारलं गेलं, शेजारी दुसरे रुग्ण उभे असताना, मोठ्यानं : "गोळ्या टाकतेस? मरायचंय काय तुला?"

ज्यांनी विचारलं त्या काळजीनंच बोलल्या, हे मला माहीत आहे. दिवसभर रांग हाताळणारं माणूस शेवटी असंच बोलतं. भाची खाली बघत राहिली. आम्ही बाहेर आलो, रंकाळा स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो. गर्दी होती, कणीस भाजल्याचा वास येत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आत्ती, त्यांनी विचारलं नव्हं, मरायचंय काय म्हणून? मी खरंच उत्तर देणार होतो."

आमच्याकडं पोरी अशाच बोलतात, आलो, गेलो. तिचं ते "देणार होतो" माझ्या कानात अजून आहे. घरी आल्यावर मी तिच्या खोलीतली फवारणीची बाटली आणि दोरी काढून गोठ्यात कुलपात ठेवली आणि रात्रभर उंबऱ्यात बसले. काय करायचं, कुणाला विचारायचं, मला माहीत नव्हतं. मी पदवीधर, शहरापासून बारा किलोमीटरवर राहणारी, पेन्शन असलेली बाई. ज्या आजीला सही येत नाही, जी भांगलणीला जाऊन नातवाला वाढवतेय, तिनं काय करावं?

आता जे मला गेल्या चार वर्षांत वाचून, विचारून कळलं ते सांगते. १० ते १९ वयातल्या जगातल्या दर सात मुलांतल्या एकाला कसला ना कसला मानसिक आजार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे सगळ्या मुलांचं झालं. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांत उदासी आणि चिंता याहून जास्त आढळते. त्याची कारणं शोधायला लांब जायला नको. आई-बापांचं मरण लहानपणी पाहिलेलं. एका घरातून दुसऱ्या घरात, कधी बालगृहात. विषाणू स्वतः मेंदूवरही परिणाम करतो, त्यानं काही मुलांचं लक्ष टिकत नाही, पाठांतर लवकर होत नाही, आणि आपण शिक्षक त्यांना ढ म्हणतो. उंची कमी राहिली तर पोरं चिडवतात. आणि या सगळ्यावर ती लपवाछपवी, झोपेतसुद्धा न सुटणारी. किशोरवयात गोळ्या चुकतात, हे जगभर दिसलेलं आहे. गोळी चुकणं हा पुष्कळदा मन बिघडल्याचा पहिला निरोप असतो. आपण तो बेशिस्त म्हणून वाचतो आणि दटावतो. दटावलं की पोर पुढच्या वेळी गोळ्या मोजून बरोबर तेवढ्याच उरतील अशा टाकून देतं. हे मी पाहिलंय.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी लहान आहे. एआरटी केंद्रात येणाऱ्या १० ते १९ वयाच्या प्रत्येक मुलाला, दार लावलेल्या खोलीत, सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून, दर वेळी विचारलं जावं : झोप लागते का, जेवतोस का, कशात मन लागतं का, जगू नये असं वाटतं का. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे असे नऊ प्रश्न असलेली प्रश्नावली डॉक्टरांकडं आहेच, पीएचक्यू-नाईन म्हणतात तिला, तिचा शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलच आहे. ती भरायला दहा मिनिटं लागत नाहीत. असा प्रश्न विचारल्यानं पोराच्या डोक्यात नसलेलं भरतं, ही भीती खोटी आहे. माझ्या भाचीच्या डोक्यात ते आधीच होतं. तिला हवं होतं ते उत्तर ऐकून घेणारं माणूस.

आणि उत्तर हो आलं तर पुढं काय, हेही ठरलेलं हवं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखालची, किशोरवयीन मुलांसाठीची मैत्री क्लिनिकं आहेत. एआरटी केंद्र आहे, काळजी व आधार देणारं विहान आहे. चारही ठिकाणी चांगली माणसं आहेत. पण आमच्या अनुभवात एकानं दुसऱ्याकडं कधी पाठवलं नाही. मानसशास्त्रज्ञ महिन्यातून दोन दिवस एआरटी केंद्रातच येऊन बसले, तर पोरांना आणखी एका पाटीखाली, आणखी एका रांगेत उभं राहावं लागणार नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत नंबर चांगला आहे, मराठीत बोलता येतं, मी स्वतः त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी तिथं फोन केला आणि त्यांनीच मला पहिल्यांदा नीट ऐकलं. पण पोरांच्या घरी एकच मोबाईल असतो आणि भिंतीपलीकडं चुलता झोपलेला असतो. समोर बसून बोलायला जागा हवीच.

गोळ्या आणायचा वार नेहमी शाळेचाच वार येतो. भाचीनं सातवी-आठवीत दर महिन्याला पोटदुखीचा अर्ज दिला. शेवटी वर्गशिक्षिकेनं काळजीनंच मला बोलावून विचारलं, मुलीला पाळीचा काही त्रास आहे का, तपासणी करून घ्या. एक खोटं सांभाळायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात. ते मुलांच्या बाबतीत हात राखून न करता सरसकट व्हावं. आणि महिन्यातला एक रविवार फक्त या वयाच्या पोरांसाठी ठेवावा. त्या दिवशी त्यांना एकमेकांची तोंडं दिसतील. माझी भाची सोळा वर्षांची होईपर्यंत तिनं तिच्यासारखी दुसरी मुलगी पाहिली नव्हती. रांगेत सगळे मोठे, नाहीतर कडेवरची बाळं.

एसटीच्या सवलतीचंही असंच आहे. एचआयव्ही असलेल्यांना प्रवासात सवलत मिळते. भाची ती घेत नाही. गावच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा, मागच्या सीटवर शेजारीण. तिकिटाचे पैसे मी देते, पण ज्यांना ते परवडत नाहीत अशी पोरं गोळ्यांची तारीखच चुकवतात. यावर उपाय काय, मला सुचत नाही. ज्यांना कळतं त्यांनी शोधावा.

शाळांबद्दल सांगायचं तर कायदा स्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शिक्षणात भेदभाव करायला त्यानं बंदी घातली आहे, न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय आपला आजार सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही, तक्रार ऐकायला राज्यानं लोकपाल नेमायचा आहे. मी ज्या मुख्याध्यापकांशी बोलले त्यांतल्या एकालाही हा कायदा माहीत नव्हता. त्याच कायद्यात एक कलम आहे ज्यानं मला रडवलं. बाधित घरातलं १२ ते १८ वर्षांचं समजूतदार भावंड आपल्या धाकट्या भावंडाचं पालक म्हणून शाळाप्रवेशासारख्या कामांत सही करू शकतं. असं कलम लिहावं लागलं, कारण अशी घरं आहेत. रांगेत आम्हाला भेटणारा एक मुलगा आहे, इचलकरंजीकडचा, सतरा वर्षांचा. रात्रपाळीला मागावर असतो, सकाळी धाकट्या बहिणीला घेऊन गोळ्यांना येतो. बहिणीचं पुस्तक तो उघडून धरतो, स्वतःचं खिशात दुमडलेलं असतं. त्याला कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही, की बाबा, तू कसा आहेस.

माझं म्हणणं, दरवर्षी जूनमध्ये शिक्षकांच्या ज्या बैठका होतात त्यांतला अर्धा तास या विषयाला द्या. कोणतं मूल बाधित आहे हे शिक्षकाला कळायची काहीच गरज नाही. उलट, प्रत्येक वर्गात असं एक मूल बसलंय असं धरून तो धडा शिकवावा. आणि त्या धड्यात आज जे खरं आहे ते यावं : औषधं नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. ही गोष्ट माझ्या भाचीला सोळाव्या वर्षी कळली. तोवर ती मला म्हणायची, माझं लग्न-बिग्न काढू नको आत्ती, मी कुणाला मारणार नाही. एवढी मोठी आनंदाची बातमी आपण पोरांपासून वर्षानुवर्षं राखून ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या वर्षी पाहुण्यांच्या गावच्या म्हाईच्या जत्रेला गेलो होतो. पंगत बसली, तांबडा-पांढरा वाढायला आले. सगळ्यांना स्टीलची ताटं, भाचीपुढं कागदी पत्रावळ. वाढणारी बाई नात्यातलीच, प्रेमळ, वर "तुला हलकं पडंल" म्हणाली. भाचीनं पत्रावळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि जेवली. परतताना गाडीत म्हणाली, मटण चांगलं होतं. त्यापुढं काही नाही.

हे कोल्हापुरात घडतं याचा मला त्रास होतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन शाहू महाराज चहा प्यायचे, ही गोष्ट मी तिसरीच्या पोरांना किती वेळा सांगितली असेल. महाराजांनी त्या दिवशी भाषण केलं नाही. सगळ्या गावादेखत कप तोंडाला लावला. साहेब, तुम्ही किंवा तुमच्या समितीतलं कुणी मोठ्या हुद्द्याचं माणूस १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, फेरीपुढं झेंडा दाखवून जाता. त्या दिवशी एक तास या मुलांच्या पंगतीला बसा. फोटो नको, पोरांची तोंडं दिसायला नकोत. फक्त एका ताटात जेवा.

झिंबाब्वेमध्ये झ्वांदिरी नावाचं काम २००४ पासून चालू आहे. त्या शब्दाचा अर्थ साधारण "मी जशी आहे तशी". तिथं याच आजारासह वाढलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना शिकवून तयार करतात, मानधन देतात, आणि ते लहान पोरांच्या घरी जातात, गोळ्यांची आठवण करतात, बोलतात, गरज पडली तर दवाखान्यात कळवतात. तिथल्या चाचणीत अशी सोबत मिळालेल्या मुलांचा विषाणू जास्त आटोक्यात राहिलेला दिसला. आपल्याकडं अशा ताई-दादांची वाण नाही. एआरटीवर वाढलेली पोरं आज बीए करतायत, एमआयडीसीत कामाला आहेत. पंढरपूरची पालवी, हासेगावचं सेवालय अशा एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या संस्थांत वाढून मोठी झालेली मुलंही आहेत. जिल्ह्यातल्या अशा आठ-दहा जणांना मानधनावर घ्या. आम्ही मोठी माणसं कितीही प्रेमानं बोललो तरी आमच्या डबीत गोळ्या नसतात.

एक आमच्यासारख्या पालकांबद्दल. या मुलांना सांभाळणाऱ्यांत आज्या, मावश्या, आत्या फार. त्यांची पोटची पोरं गेलेली असतात, भाऊ गेलेले असतात. आम्हालाही रात्री झोप येत नाही. मुलाला आजाराचं कसं सांगायचं, कोणत्या वयात किती सांगायचं, मूल रडलं तर काय करायचं, हे शिकवायला तीन-चार बैठका घ्या. माझ्या आईला कुणी एकदा जरी समोर बसवून सांगितलं असतं की ती स्वप्नं गोळीची आहेत, तर ती मरेपर्यंत देवर्ष्याला नावं ठेवत आणि स्वतःला दोष देत राहिली नसती.

भाची आज बरी आहे. सहलीच्या त्या प्रकारानंतर वर्षभर आम्ही एका मानसोपचारतज्ज्ञांकडं खासगी जात होतो, माझ्या पेन्शनीतून. व्हायरल लोड पुन्हा खाली आला. वाईट दिवस अजून येतात, परीक्षेच्या आधी, आईच्या तिथीला. तेव्हा ती सांगते, आज नको वाटतंय. आम्ही दोघी अंगणात बसतो, मी तिला काही समजावत नाही. रात्री नऊचा गजर झाला की ती आत जाऊन गोळी घेऊन येते.

आमची पुढची तारीख गुरुवारी आहे. त्या दिवशी तिचा रसायनशास्त्राचा पेपर आहे. मी एकटी येऊन गोळ्या घेऊन जाईन. शक्य झालं तर हे पत्र बैठकीत वाचून दाखवावं, एवढी विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, करवीर तालुका

ता. क. - पत्र वाचून झाल्यावर भाची म्हणाली, एक राहिलं, लिही. "मुलांना विचारताना पेन खाली ठेवून विचारा म्हणावं. लिहायला लागले की आम्ही बरं आहे म्हणतो."